फळ्यावरची नावं



मुलं दहावी-बारावीला आली. अभ्यास कॉम्प्युटरवर आणि यूट्यूबही तिथंच. मी या क्षेत्रातली, म्हणून तुम्ही विचारता, "हे बंद कसं करायचं गं?"

कॉम्प्युटरमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी फाइल असते. कुठल्याही साइटचा पत्ता कॉम्प्युटर सहसा आधी तिथं शोधतो. तिथं १२७.०.०.१ लिहून पुढे साइटचं नाव लिहिलं, की तो स्वतःचंच दार ठोठावत बसतो. साइट उघडत नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सकट असलेलं नाव वेगळ्या ओळीत लिहायचं. बदल करायला ॲडमिनचे अधिकार लागतात, बहुधा पासवर्डही.

पण ओळ पुसली की साइट पुन्हा सुरू, आणि मोबाइल तर हाताशी असतोच. म्हणून मुलांच्या नकळत हे करू नका. ती पळवाट शोधतीलच. शेजारी बसा. कोणत्या साइट, कधीपर्यंत, ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी सांगितलं, तरच पासवर्ड तुमच्याकडे ठेवा.

आपल्या वर्गात मॉनिटर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा. ही फाइल म्हणजे तोच फळा. खडू मात्र मुलांच्या हातात असू द्या.