रिचर्ड वॉरेनचे वडील कोण?

आज टेक नाही, वंशावळ. पण विषय शेवटी डेटाचाच आहे.

माझ्या टीममधला एक अमेरिकन सहकारी वडिलांच्या पंचाहत्तरीला वंशवृक्ष फ्रेम करून देणार होता. वर इंग्लंडमधले सरदार, त्यांच्याखाली रिचर्ड वॉरेन. हा माणूस १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत आला आणि १६२८ मध्ये प्लिमथला वारला. सात मुलं, त्यामुळे वंशज अफाट. राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि फ्रँकलिन रूझवेल्टसुद्धा त्यातलेच. मी विचारलं, "रिचर्डच्या वरची नावं कुठून आली?" म्हणाला, "ऑनलाइन सगळ्यांच्या झाडात तीच आहेत."

इथेच तर गोची आहे ना! एकाने टाकलं, बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट मारलं. रिचर्डचे आईवडील कोण, हे सिद्धच झालेलं नाही. १६२२ च्या एका छापील वृत्तांतात तो 'लंडनचा' एवढंच येतं. मग लोक चर्चच्या जुन्या नोंदवहीत कुठला तरी रिचर्ड वॉरेन शोधतात आणि वय साधारण जुळलं की जोडून टाकतात. म्हणजे आपल्याकडे नुसत्या 'गणपत पाटील' या नावावर पणजोबा शोधण्यासारखं. त्यात आडनाव सरेच्या जुन्या 'डी वॉरेन' अर्लांसारखं. झालं, सरदार घराणं फुकटात!

बरं, पुरावा कधी मिळतच नाही असंही नाही. त्याच्या बायकोचंच बघा. एलिझाबेथचं माहेरचं आडनाव वर्षानुवर्षं 'जुआट' असं चुकीचं चाललं होतं. मग एडवर्ड डेव्हिस या संशोधकाने हर्टफर्डशरमधल्या ग्रेट ॲमवेल गावातली १४ एप्रिल १६१० ची लग्नाची नोंद पुढे आणली. रिचर्ड वॉरेन आणि एलिझाबेथ वॉकर. आता हेही नुसतं नाव जुळणंच, बरोबर? म्हणून दुसरा कागद महत्त्वाचा: ऑगस्टिन वॉकरचं १६१३ चं मृत्युपत्र. त्यात मुलगी एलिझाबेथ, जावई रिचर्ड वॉरेन आणि नाती मेरी, ॲन, सारा. प्लिमथच्या रिचर्डच्या थोरल्या तीन मुली कोण? मेरी, ॲन, सारा! हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं.

सहकाऱ्याने सरदार काढले आणि त्यांच्या जागी ऑगस्टिन वॉकर छापला. वडिलांना सरदार जास्त आवडले असते, हे मान्य.

आपण डेव्हलपर लोक माहिती नसेल तर फील्ड नल ठेवतो. इथे डमी व्हॅल्यू टाकली की वरच्या वीस पिढ्या खोट्या होतात. त्याहून वाईट म्हणजे 'सापडलं' असं समजून लोक शोधणंच थांबवतात.

उद्या एखाद्या वॉरेनच्या मृत्युपत्रात 'मुलगा रिचर्ड, सून एलिझाबेथ, नाती मेरी, ॲन, सारा' असं सापडलं, तर मी लगेच नवा एपिसोड करीन. तोवर तो चौकोन रिकामाच.