तिची चाचणी झाली, त्याची?



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आकडे आणि आलेख बघणं हा माझा रोजचा धंदा. आजही एका आलेखाबद्दलच बोलणार आहे. विषय आहे गरोदर स्त्रियांमधला एचआयव्ही. हा विषय आपल्या घरांत बोलला जात नाही, म्हणून इथे बोलू.

आपल्या देशात हे प्रमाण नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, नियमित मोजते. निवडक दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या सलग 400 गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले जातात. नमुन्यावर नाव नसतं. 2007 मध्ये हे प्रमाण 0.49 टक्के होतं. 2012-13 मध्ये 0.35, 2017 मध्ये 0.28 आणि 2021 मध्ये 0.22 टक्के झालं. म्हणजे हजारात साधारण पाच होत्या, त्या दोनवर आल्या. अर्थात ही सरासरी आहे. 2017 मध्येच मिझोराममध्ये हा आकडा 1.19 टक्के होता. आपला महाराष्ट्रही एके काळी जास्त संसर्गाच्या सहा राज्यांत मोडायचा.

आता प्रश्न असा की आलेख खाली आला तो कशामुळे?

2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत 15 ते 24 वयाच्या गरोदर मुलींमधलं प्रमाण 2000 मध्ये 1.7 टक्के होतं, ते 2004 मध्ये 1.1 टक्क्यांवर आलं. तरुण वयोगट निवडायला कारण आहे. एचआयव्ही एकदा शरीरात आला की जात नाही, त्यामुळे मोठ्या वयात जुने संसर्गही मोजले जातात. तरुण मुलींमधला संसर्ग मात्र अलीकडचाच असतो. नवी लागण वाढते आहे की घटते आहे, हे तिथे लवकर कळतं.

याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या 20 ते 29 वयाच्या पुरुषांतही याच काळात जवळपास तेवढीच, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त घट झाली. वेश्याव्यवसायात कंडोमचा वापर वाढला, हे त्याचं संभाव्य कारण अभ्यासकांनी सांगितलं. म्हणजे पुरुष बाहेर सावध झाले आणि घरात बायका वाचल्या.

याची उलट बाजू पुण्यात आधीच दिसली होती. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या आणि वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी 13.6 टक्के जणींना एचआयव्ही होता. त्यातल्या बहुतेक जणींचा संबंध फक्त नवऱ्याशी आला होता.

पण घरात काय होतं? गरोदरपणात चाचणी बायकोची होते, म्हणून संसर्ग आधी तिच्या कागदावर दिसतो. जिचा अहवाल आधी आला, तिनेच आजार आणला असं ठरतं. मग तिचा पायगुण काढतात, तिला माहेरी धाडतात. तारखेवरून हे ठरवणं साफ चूक आहे. अहवालाची तारीख म्हणजे संसर्ग कळल्याची तारीख, झाल्याची नव्हे.

आणि ती निगेटिव्ह आली तरी नवऱ्याची चाचणी हवीच. तो पॉझिटिव्ह असेल आणि त्याला माहीत नसेल, तर उरलेल्या महिन्यांत किंवा बाळाला अंगावर पाजत असतानाही तिला लागण होऊ शकते. त्या वेळी झालेली नवी लागण बाळासाठी जास्त धोक्याची असते.

यावर उपाय आहे. उपचार नसतील तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून संसर्ग होऊ शकतो. वेळेत औषधं सुरू झाली तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. 2014 पासून पॉझिटिव्ह गरोदर स्त्रीला आयुष्यभराची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मात्र पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते आणि फाइल सासरच्या गावी राहते. असं झालं तर औषध तुटतं. जाण्याआधीच तिथल्या केंद्राची चिठ्ठी घ्या.

कायदाही बाजूने आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, कुणाचा अहवाल इतरांना सांगता येत नाही, दवाखान्यात किंवा नोकरीत भेदभाव करता येत नाही. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

इथे बसलेल्या मुलांना माझं सांगणं एवढंच. निकाहाआधी दोघांनी मिळून चाचणी करा. बायको गरोदर राहिली की पहिल्या तीन महिन्यांत तिच्यासोबत दवाखान्यात जा आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःचाही हात पुढे करा. मुलींनो, तुम्हीही हे हक्काने मागा. त्यात अविश्वास नाही, बाळाची काळजी आहे.