गांव हीच प्रयोगशाळा



महाविद्यालयांतील तरुणाला अर्थशास्त्राचे सिद्धांत मुखोद्गत असतात. परंतु आपल्याच गांवांत खात्यामागें जमीन किती, कर्जावर व्याज काय, असें विचारलें तर तो बहुधा निरुत्तर होतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, शिक्षणाच्या रचनेचा होय.

मद्रास विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनीं १९१६ सालीं यावर एक साधा उपाय योजिला. त्यांनीं विद्यार्थ्यांच्या हातीं प्रश्नावली दिली आणि सुटींत आपापल्या गांवीं जाऊन शेती, मजुरी, कर्ज यांची पाहणी करावयास सांगितलें. त्यांतून १९१८ सालीं दक्षिणेंतील गांवांविषयींचा एक ग्रंथ सिद्ध झाला. त्या गांवांची १९३६-३७ सालीं फेरपाहणी झाली, आणि इरुवेलपट्टूसारख्या गांवीं एकविसाव्या शतकांतही संशोधक जाऊन आले. विद्यार्थ्यांचीं टिपणें शतकाच्या तुलनेचा पाया ठरलीं!

त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर गांवाची पाहणी केली. १७७१ सालीं खात्यामागें असलेली सरासरी ४० एकर जमीन १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचें त्यांनीं १९१७ सालीं दाखवून दिलें. आज त्या शिवारावर उंच इमारती उभ्या आहेत. गांवाची ती स्मृति मात्र ग्रंथांत राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें समाजसंपर्क व सेवा यांना श्रेयांकांचें स्थान दिलें आहे. ही गोष्ट स्वागतार्ह खरीच. पण धोकाही येथेंच आहे. श्रेयांकापुरती दारोदार प्रश्नावली भरून घेतली आणि अहवाल कपाटांत बंद झाला, तर त्यास शिक्षण कसें म्हणावें? हातांतलें काम टाकून उत्तरें देणाऱ्या बाईनें आपला वेळ खर्च केलेला असतो. तें ऋण होय, आणि ऋण फेडलें पाहिजे.

तें फेडण्याचा मार्ग अवघड नाहीं. काय शोधावयाचें हें प्रथम गांवास विचारावें. विहिरी उन्हाळ्यांत कां आटतात, ही गांवाची विवंचना असेल तर तोच विद्यार्थ्याचा विषय व्हावा. पाहणी संपल्यावर निष्कर्ष ग्रामसभेंत मराठींतून वाचून दाखवावे. तेथें एखादा म्हातारा उठून म्हणेल, "पोरा, हा आंकडा चुकला." त्या परीक्षकाइतका जाणता परीक्षक विद्यापीठांतही मिळणार नाहीं, आणि चूक दुरुस्त करून घेतांना विद्यार्थी जें शिकेल, तेंच त्याच्याजवळ जन्मभर टिकेल.