मुंबई-लंडन : अंतर आणि वेळ

घरांतील मुलगा अथवा मुलगी लंडनला जावयास निघाली कीं, वडीलधाऱ्यांच्या तोंडीं दोन प्रश्न ठरलेले असतात : लंडन किती दूर, आणि पोचावयास वेळ किती? प्रश्न साधे खरे; परंतु एकेका आंकड्यानें त्यांचें समाधान होत नाहीं.

प्रथम अंतर पाहूं. भिंतीवरील नकाशावर या दोन शहरांस जोडणारी सरळ रेघ ओढली, तर तिचा मध्य तुर्कस्तान व सीरिया यांच्या सीमेजवळ येतो. पण नकाशा सपाट, आणि पृथ्वी गोल. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो बलुचिस्तान व इराण ओलांडून कॉकेशसच्या डोंगराळ मुलुखांत जातो आणि काळ्या समुद्रावरून युक्रेनमध्यें शिरतो. नकाशावर वांकडा दिसणारा हाच मार्ग सर्वांत जवळचा. त्याची लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर.

ताशीं ९०० किलोमीटर वेगानें हें अंतर आठ तासांत सरावें. परंतु या मार्गाच्या बऱ्याच भागांत, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्याचा वेग सर्वत्र ताशीं १०० किलोमीटर धरला, तर जातांना नऊ तास लागतील व येतांना सात तास बारा मिनिटें. म्हणजे जातांना एक तास गमावला, पण येतांना अठ्ठेचाळीस मिनिटेंच परत मिळालीं. कारण विमान उलट्या वाऱ्यांत अधिक वेळ राहतें. शिवाय चढणें, उतरणें व धांवपट्टीपर्यंत जाणें यांचा वेळ निराळाच.

घड्याळही फसवितें. उन्हाळ्यांत दुपारीं एक वाजतां मुंबई सोडून लंडनला सायंकाळीं सहा वाजतां उतरलेला प्रवासी पांच तासांत पोचलासें वाटतें. परंतु तेथील घड्याळ तेव्हां साडेचार तास मागें असल्यामुळें प्रवास साडेनऊ तासांचा झालेला असतो.

याहून मोठा अडथळा मनुष्यनिर्मित आहे. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला व आगबोटींचा आफ्रिकेभोंवतींचा वळसा वांचला. पुढें १९६७ पासून १९७५ पर्यंत तो बंद पडतांच वळसा पुन्हां नशिबीं आला. आकाशाचीही गत तीच. २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचें आकाश बव्हंशीं बंद राहिलें; २०२२ च्या फेब्रुवारींत युद्धामुळें युक्रेनचें आकाश नागरी विमानांस बंद झालें. दोऱ्यानें दाखविलेली वाट अशी तुटली कीं विमानास फेरा पडतो, इंधन अधिक जळतें आणि तास वाढतात.

१९४८ सालच्या ८ जून रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तेव्हां त्यास कैरो व जिनीव्हा येथें थांबावें लागलें होतें. तरीही आगबोटीच्या आठवड्यांपुढें तो चमत्कारच होता. आज मध्यें न थांबतां तें अंतर कापतां येतें. आजारी आईबापांच्या भेटीस निघालेल्या मुलास या तासांचें मोल सांगावयास नको. त्यानें मात्र तिकिटावरील दोन घड्याळांची वजाबाकी करून घरीं वेळ कळवूं नये. प्रत्यक्ष उड्डाणाचा अवधि व त्या दिवसाचा मार्ग विचारून घ्यावा. घरीं वाट पाहणाऱ्यांची काळजी तेवढ्यानें पुष्कळ हलकी होते.