परदेशातील सण आणि सोबती
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



लंडनमधील वास्तव्याविषयी बोलू लागलो की तेथील थंडीचे वर्णन अपेक्षिले जाते. आम्हांस सांगावयाचे आहे ते तेथील सोबतीविषयी. उन्हाळ्यात तेथे 'प्रॉम्स' ही संगीतमाला सुमारे आठ आठवडे चालते. १८९५ साली ती सुरू झाली. मूळचा क्वीन्स हॉल बॉम्बहल्ल्यात जळाल्यावर १९४१ पासून ती रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आली. उभ्याने ऐकणाऱ्यांस स्वस्त तिकीट देण्याची प्रथा आजही टिकून आहे. त्या रांगेत आमच्यासमवेत कोल्हापूरचे, नागपूरचे आणि एक पोलिश स्नेही असत. संगीत आम्हांस फारसे कळे असे नव्हे. पण रांगेत डब्यातील थालीपीठ वाटून खाण्याचा आनंद काय वर्णावा!

हीच मंडळी गणपतीस आमच्या घरी येत, आणि पुढे सर्वजण १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या उत्सवास जात असू. मोदकाच्या कळ्या पाडणारे हात कोणत्या ज्ञातीचे, हे सहा वर्षांत आम्ही कोणास विचारले नाही, आम्हांसही कोणी विचारले नाही. येथे परतल्यावर मात्र चार दिवसांत तोच प्रश्न तीनदा ऐकला.

आपल्या कोजागिरीस बाहेरच्या स्नेह्यांस मनाई नाही. तरी कोणी त्यांस आणीत नाही. यंदा प्रत्येक घराने ज्ञातीबाहेरचे एक तरी कुटुंब आणावे, ही आमची विनंती. दूध थोडे अधिक आटवावे लागेल, इतकेच.