उन्हाळ्याच्या मापाचा प्रश्न



जिवाणूच्या पेशीत निवडक जनुके बसवून त्याच्याकडून ठरवलेले काम करून घेण्याच्या शास्त्राला सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात. या शास्त्रात पदवीच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत संघ करून संशोधन करावे, ही प्रथा अमेरिकेतल्या एमआयटीत रुजली. 2003 च्या जानेवारीत तिथे एक छोटा अभ्यासक्रम झाला, 2004 साली पाच विद्यापीठांच्या संघांची स्पर्धा झाली आणि त्यातून ‘आयजेम’ उभी राहिली. आता तीत दरवर्षी तीनशेहून अधिक संघ उतरतात आणि 2022 पासून तिचा अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. आयसर पुणे आणि आयसीटी मुंबई इथल्या विद्यार्थ्यांनीही तीत भाग घेतला आहे. अशा संघाची बांधणी कशी करावी असे विचारले की पैसा, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक ही तीन नावे लगेच पुढे येतात. तिन्हींवाचून चालत नाही हे खरेच. पण माझे म्हणणे असे की त्यांच्याही आधी बांधायचा असतो तो प्रश्न, आणि तो उन्हाळा मोजून बेतावा लागतो.

हा हिशेब प्रयोगशाळेतल्या एका आठवड्यापासून मांडू. सोमवारी प्लाझमिड (जिवाणूतले डीएनएचे छोटे वर्तुळ) आणि जनुक एन्झाइमने कापायचे, एकमेकांना जोडायचे आणि 42 अंशांचा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा चटका देऊन जिवाणूंत शिरवायचे. प्लेट रात्रभर 37 अंशांवर ठेवली की मंगळवारी कॉलन्या दिसतात. त्यांतल्या काही उचलून द्रव माध्यमात वाढवायच्या, बुधवारी प्लाझमिड काढून तपासायचे, मग डीएनएचा क्रम वाचून घ्यायला नमुना बाहेर पाठवायचा. सगळे सुरळीत झाले तरी आठवडा सरतो, आणि सगळे सुरळीत क्वचितच होते. प्लेटवर शंभर कॉलन्या दिसल्या की मुले खूश होतात. पण शेजारच्या, जनुक न घातलेल्या कंट्रोल प्लेटवरही तेवढ्याच कॉलन्या असतील, तर प्लाझमिड कापलेच गेले नाही किंवा कापून पुन्हा स्वतःशीच जुळले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे आठवडा गेला आणि पुढचा सोमवार पुन्हा तिथूनच. आपल्याकडे परीक्षा संपल्यापासून नवे सत्र सुरू होईपर्यंत फार तर दहा आठवडे हाती लागतात. मागवलेला डीएनए यायला लागणारे दिवस वजा केले, फसलेल्या फेऱ्या धरल्या, तर नीट पार पडणाऱ्या फेऱ्या चार-पाचच उरतात. आठ जनुकांची साखळी जुळवायचा बेत या हिशेबात बसत नाही. एक किंवा दोन जोडण्यांचा बसतो.

छोट्या प्रश्नातून मोठे काम होते, याचे दाखले स्पर्धेच्या इतिहासातच आहेत. 2004 च्या पाच संघांपैकी ऑस्टिनच्या संघाने विचारले ते एवढेच, की ई. कोलाय या जिवाणूला प्रकाश कळेल का? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या साथीने त्यांनी नीलहरित शैवालातला प्रकाश ओळखणारा भाग ई. कोलायच्या स्वतःच्या संवेदकाला जोडला. अंधारात काळे रंगद्रव्य आणि उजेडात काही नाही, इतक्या साध्या व्यवस्थेतून जिवाणूंच्या थरावर छायाचित्र उमटले, आणि 2005 साली ते काम ‘नेचर’मध्ये छापून आले. 2006 साली एडिंबराच्या संघापुढे बांगलादेशातल्या कूपनलिकांमधल्या आर्सेनिकचा प्रश्न होता. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. पाणी शुद्ध करण्याच्या वाटेला संघ गेला नाही. आर्सेनिक आहे की नाही, हे स्वस्तात कळेल का, एवढेच त्याने विचारले. आर्सेनिक आले की चालू होणारी जनुकीय कळ जिवाणूत निसर्गतःच असते. तिच्यापुढे लॅक्टोज फोडणाऱ्या एन्झाइमचे जनुक जोडले, की आर्सेनिक असलेल्या पाण्यात आम्ल तयार होते आणि सामू उतरतो. सामू मोजायला महागडे यंत्र लागत नाही. अशी चाचणी गावातल्या कूपनलिकेपर्यंत नेताना जनुकबदल केलेला जिवंत जिवाणू प्रयोगशाळेबाहेर वापरण्याचे नियम आड येतात आणि ते काम वर्षानुवर्षे चालते. पण तत्त्व सिद्ध करायला एक उन्हाळा पुरला.

यावर पहिला आक्षेप असा की विशीतल्या मुलांना कात्री हातात देऊन बसवले, तर त्यांची कल्पनाशक्ती मारली जाईल. मोठी स्वप्ने या वयात नाही पाहायची तर कधी? स्वप्न मोठे असायला हरकत नाही. त्यातला कोणता तुकडा या उन्हाळ्यात मोजून दाखवता येईल हे ठरवण्यातच कल्पनाशक्तीची खरी परीक्षा होते, कारण बाकीचा डोलारा त्या तुकड्यावर उभा राहायचा असतो. आणि मोजण्याचे काम तरी कुठे सोपे आहे? 2014 आणि 2015 साली स्पर्धेतल्या संघांना हिरवे चमकणारे प्रथिन बनवणाऱ्या त्याच तीन जनुकीय रचना देऊन चमक मोजायला सांगितले. 88 संस्थांनी मोजमापे केली. जिवाणूचा वाण बदलल्याने रचनांच्या चमकेचे परस्पर प्रमाण बदलले नाही. उपकरण बदलल्याने मात्र बदलले. चमकेचे निरपेक्ष माप तर फार थोड्यांना घेता आले. वरवर कंटाळवाण्या वाटणाऱ्या या कामातून एका शास्त्राला आपल्या मोजपट्टीचा दोष कळला, आणि तो विद्यार्थ्यांच्या हातून कळला.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रश्न इतका छोटा केला तर दहा-बारा जणांच्या संघात निम्म्यांना काम काय? उलट, प्रश्न आटोपशीर असला तरच कामे नीट वाटता येतात. दोघे-तिघे जोडण्या करतील, दोघे गणिती प्रतिमान मांडतील, कोणी ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्या लोकांशी बोलून बेत तपासतील, आणि एकाकडे फक्त नोंदी असतील. जैवसुरक्षेचे कागद उन्हाळ्यापर्यंत थांबत नाहीत. आपल्याकडच्या 1989 च्या नियमांनुसार असे काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या नजरेखाली व्हावे लागते, म्हणून त्याची सुरुवात हिवाळ्यातच करावी लागते. तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ही स्पर्धा श्रीमंत संस्थांची आहे, प्रवेशशुल्कच हजारो डॉलर असते. ही विषमता खरी आहे आणि नियोजनाने ती मिटत नाही. पण ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला फसलेली फेरी जास्त महाग पडते. म्हणून प्रश्न बेतण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त. शिवाय आयजेमची सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदके क्रमांकावर ठरत नाहीत; निकष पूर्ण करील त्या प्रत्येक संघाला ती मिळतात. नीट नोंदवलेल्या छोट्या कामाला तिथे जागा आहे.

म्हणून संघाच्या पहिल्या बैठकीत निधीच्या आधी एक वाक्य लिहून घ्यावे: जुलै संपताना आपण कोणता आकडा मोजलेला असेल, आणि तो शून्य आला तरी त्यातून काय कळेल? दुसऱ्या भागाला उत्तर नसेल तर प्रश्न अजून उन्हाळ्याच्या मापाचा झालेला नाही. उत्तर असेल, तर फसलेली फेरीही वहीत कामाची नोंद म्हणून उतरते, आणि पुढच्या वर्षीच्या संघाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही. मुले पदवी घेऊन दर वर्षी निघून जातात. संस्थेपाशी उरते ती ही वही, आणि संघाची बांधणी चांगली होती की नाही हे तिच्यावरूनच ठरवावे.