प्रकाशतंतूंच्या जाळ्याचे दप्तर



गावात टपाल कार्यालय आले, तारेची सोय झाली, त्यामागून दूरध्वनी आला. आणि प्रत्येक साधनाबरोबर एक नोंदवहीही आली. तार किती वाजता आली आणि किती वाजता पोहोचती झाली, हे कर्मचारी स्वहस्ते लिहून ठेवीत. आता असंख्य ग्रामपंचायतींच्या दारी प्रकाशतंतूंची केबल पोहोचली आहे. तिची नोंद कोणास लिहावी लागत नाही. ती यंत्रात आपोआप होते. कदाचित त्यामुळेच ती जपून ठेवणे हे कोणाचेच काम राहिलेले नाही.

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने हाती घेण्यात आले. योजनेतील एक प्रमुख रचना 'जीपॉन' पद्धतीची आहे. तीत तालुक्याच्या ठिकाणी 'ओएलटी' हे मुख्य यंत्र असते, तर ग्रामपंचायतीत 'ओएनटी' ही छोटी पेटी असते, आणि दोहोंना काचेचा केसासारखा तंतू जोडतो. या सर्वांवर नजर ठेवणारी संगणकीय आज्ञावली म्हणजे नेटवर्क व्यवस्थापन प्रणाली. तिच्या पडद्यावर चालू असलेले गाव सामान्यतः हिरवे, तर बंद पडलेले तांबडे दिसते.

परंतु पडदा सांगतो तो या क्षणाचा. 'मागील महिन्यात आपले सरकार सेवा केंद्रातून दाखले का मिळाले नाहीत?' असा प्रश्न ग्रामसभेत निघतो, तेव्हा पडदा बहुधा हिरवा असतो. उत्तर सापडेल ते जुन्या नोंदीत. यंत्रे आपल्या कामगिरीचे मोजमाप सामान्यतः पंधरा मिनिटांच्या आणि चोवीस तासांच्या टप्प्यांत ठेवतात. त्यांची साठवण मर्यादित असते; जागा संपली की नवी नोंद जुन्या नोंदीवर लिहिली जाते. मध्यवर्ती संगणकात ती अधिक काळ राहते, पण तेथेही मुदत ठरलेली असते. म्हणून ठरावीक दिवशी माहिती फाईलरूपाने बाहेर काढणे व तिचा गोषवारा छापून दप्तरी लावणे, हे त्या व्यवस्थेचेच अंग मानले पाहिजे.

ही नोंद कोणाचा दोष दाखवते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. गावातील सेवा बंद पडली की केबल सांभाळणारा म्हणतो, 'पंचायतीत वीज नव्हती'. पंचायत म्हणते, 'रस्ता खोदताना केबल तुटली'. दोघांपैकी खरे कोण, हे यंत्रास ठाऊक असते. वीज जाताच ओएनटी पूर्ण बंद पडण्यापूर्वी, उरल्यासुरल्या शक्तीवर, एक अखेरचा निरोप तालुक्याच्या यंत्रास पाठवू शकते. तंत्रज्ञ त्यास 'डाइंग गॅस्प', म्हणजे शेवटचा आचका, असे म्हणतात. तंतू तुटला तर असा निरोप पोहोचण्यास वाटच उरत नाही. केवळ प्रकाश नाहीसा झाल्याची सूचना उमटते. तेव्हा आधी अखेरचा निरोप आणि मग अंधार, असा क्रम असेल तर विजेकडे पाहावे. नुसताच अंधार असेल तर केबलकडे.

आता गंमत पाहावी. सूचनांना तीव्रतेच्या पायऱ्या असतात: अतिगंभीर, गंभीर, किरकोळ, इशारा. अखेरच्या निरोपाची पायरी व्यवस्थापकाने खालची ठेवली असेल आणि अहवाल छापणाऱ्याने 'केवळ अतिगंभीर' एवढीच चाळणी लावली असेल, तर वीज गेल्याचा पुरावा कागदावर येतच नाही आणि सर्व खापर केबलवर फुटते. 'सध्या चालू असलेल्या सूचना' एवढीच यादी काढली तर दुरुस्त झालेले बिघाडही गळतात. म्हणून चाळणी कोणती लावली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि प्रत कोणी व केव्हा काढली, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेच पाहिजे. अशा तपशिलाविना छापलेला तक्ता हा बिनतारखेच्या अर्जासारखा आहे.

करारांत सेवेची टक्केवारी लिहिलेली असते, तेथे मिनिटांनाही मोल येते. तीस दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के सेवा म्हणजे ७ तास १२ मिनिटे खंडास मुभा; ९८ टक्के म्हणजे त्याच्या दुप्पट. आता काही प्रणाली वेळ जागतिक प्रमाणात ठेवतात. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १ जुलैच्या पहाटे दोन वाजता पडलेला खंड अशा फाईलमध्ये ३० जूनच्या रात्री साडेआठ वाजता दिसतो, म्हणजे तो मागील महिन्याच्या हिशेबात जातो. त्याचप्रमाणे रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. मोजमाप झालेच नाही, हे त्याचे सांगणे असते. त्यास 'बिघाड नाही' असे वाचणे ही सरळ दिशाभूल होय.

फाईलचे प्रकारही पारखून घ्यावेत. पीडीएफ वाचण्यास व छापण्यास सोयीची. बेरीज-वजाबाकीस सीएसव्ही बरी, कारण ती कोणत्याही तक्त्याच्या आज्ञावलीत उघडते. तेथे मात्र दोन खाचखळगे आहेत. गावांची नावे देवनागरीत असतील तर फाईल उघडताना यूटीएफ-८ ही लिपिसंकेत-पद्धती निवडावी, नाहीतर नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. दुसरा अधिक फसवा आहे. पेटीच्या अनुक्रमांकात आरंभी शून्ये असली तर तक्ता ती गाळून टाकतो, आणि अंकांच्या मध्ये रोमन 'ई' आला तर तो अंक घातांकी समजून भलतीच मोठी संख्या लिहितो. तो रकाना आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून ठेवावा. अन्यथा एका गावाची पेटी दप्तरात दुसरीच होऊन बसते.

जुन्या नोंदींचा आणखी एक उपयोग सहसा कोणी करीत नाही. ओएनटीपर्यंत किती प्रकाश पोहोचतो, हे डीबीएम या मापात उणे आकड्यांनी नोंदले जाते. 'बी-प्लस' वर्गाच्या जोडणीत हा आकडा उणे २७ च्या खाली गेला तर सेवेचा भरवसा नाही. तीन अंशांची घट म्हणजे प्रकाश निम्मा. समजा, एखाद्या गावाचा आकडा जानेवारीत उणे २० होता आणि एप्रिलमध्ये उणे २४ झाला. पडदा अद्याप हिरवाच आहे, पण प्रकाश दोन पंचमांशच उरला आहे. जोडावर धूळ बसली असेल, केबल कोठेतरी दबली असेल. महिन्याकाठी काढलेल्या चार फाईली शेजारी ठेवल्या की हे दिसते, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी माणूस पाठविता येतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये संगणकात साठविलेली माहिती छापील प्रतीच्या रूपाने मिळविण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. सेवा किती काळ बंद होती, हे ग्रामसभेपुढे ठेवण्यास संकोच नसावा. मात्र यंत्रांच्या मांडणीची फाईल वेगळी. तीत यंत्रांचे पत्ते आणि कधी परवलीचे शब्दही असतात, ती फलकावर लावण्याची वस्तू नव्हे.

वाद न्यायालयात गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ पाहावे लागते. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत त्या कलमान्वये प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचा 'हॅश' नमूद करावयाचा असतो. हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. ही खूण फाईल काढली त्याच दिवशी काढावी, आणि छापील गोषवाऱ्याच्या तळाशी, सही व दिनांकासह, लिहून ठेवावी.